लाकडातली साखर आणि मातीचा वाटा

नर्मदेच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या निमाडच्या मुलुखात कापसाची शेवटची वेचणी आटोपली की शेतात उरते ती पऱ्हाटी, आणि इंदूरभोवतीच्या माळव्याच्या पठारावर तुरीची मळणी झाली की बांधाच्या कडेला रचल्या जातात त्या तुराट्या. जनावरे त्यांना तोंड लावीत नाहीत आणि नांगराच्या फाळाला त्या अडतात. त्यांतला काही अंश चुलीत जळतो, काही कुंपणाला लागतो, आणि उरलेला सारा भाग, पुढच्या हंगामाची घाई सुरू झाली म्हणजे, जागच्या जागी काडी लावून भस्म केला जातो. कपाशीच्या एका हेक्टरातून दर हंगामाला सुमारे २ ते ३ टन पऱ्हाटी निघते, आणि तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग रसायनशास्त्राच्या दृष्टीने साखरेचाच बनलेला असतो, ही गोष्ट ज्याने एकदा ध्यानात घेतली त्याला त्या धुराकडे उदासीनपणे पाहता येणार नाही. ह्याच साखरेचा मद्यार्क करावा, तो पेट्रोलमध्ये मिसळावा आणि परदेशांतून येणाऱ्या तेलाचा भार तेवढ्यापुरता हलका करावा, ही कल्पना आज आपल्या देशात सरकारी धोरणाच्या पदवीला पोहोचली आहे.

परंतु त्या काडीवर हक्क सांगणारा आणखी एक दावेदार आहे, आणि तो म्हणजे जिच्यातून ती काडी उगवली ती जमीन. मोटारीचा दावा नवा आहे आणि त्याच्यामागे कारखाने, तेलकंपन्या व सरकारी तरतुदी उभ्या आहेत. जमिनीचा दावा पुरातन आहे, पण तिची बाजू मांडणारा वकील क्वचितच भेटतो. असा एक वकील इंदुरात सुमारे १०० वर्षांपूर्वी भेटला होता, म्हणून ह्या विषयाचा विचार इंदुरात बसून करणे विशेष उचित आहे. तत्पूर्वी लाकडातून इंधन निघते तरी कसे, हे समजून घेतले पाहिजे.

कोणतेही लाकूड, मग ते सागवानाचे असो, बाभळीचे असो वा कपाशीच्या वाळल्या काडीचे असो, मुख्यतः तीन द्रव्यांचे बनलेले असते. त्यांची रचना खेड्यातल्या कुडाच्या भिंतीवरून चटकन ध्यानात येते: भिंतीत उभ्या असलेल्या काड्या म्हणजे सेल्युलोज, त्या काड्यांना आडव्या गुंतवून धरणारी बांधणी म्हणजे हेमिसेल्युलोज, आणि ह्या दोहोंवर लिंपलेला, पावसापाण्यापासून व किडीपासून त्यांचे रक्षण करणारा गिलावा म्हणजे लिग्निन. कोरड्या लाकडात सेल्युलोजचे प्रमाण साधारणतः ४० ते ५० टक्के असते, हेमिसेल्युलोजचे २० ते ३० टक्के, आणि लिग्निनचेही जवळजवळ तितकेच. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचे हजारो कण एका सरळ साखळीत जोडले जाऊन तयार झालेला धागा होय. भाताच्या, मक्याच्या वा बटाट्याच्या पिठातही ग्लुकोजचेच कण असतात. पण पिठात ते अशा रीतीने जोडलेले असतात की आपल्या लाळेलासुद्धा त्यांची गाठ सोडवता येते, आणि सेल्युलोजमध्ये ते अशा रीतीने जोडलेले असतात की साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून स्फटिकासारख्या होतात व पाणीही त्यांच्यात सहजी शिरू शकत नाही. गाय-म्हैस कडबा पचवते ती आपल्या पोटातील सूक्ष्मजीवांच्या बळावर. पण लिग्निनाच्या गिलाव्यापुढे त्या सूक्ष्मजीवांचाही इलाज चालत नाही. गुरे पऱ्हाटीकडे पाठ फिरवतात ती ह्याच कारणाने.

ह्या बंदिस्त साखरेचा शोध जुना आहे. फ्रान्समधील रसायनज्ञ आन्री ब्राकोनो ह्याने १८१९ साली चिंध्या आणि लाकडाचा भुसा गंधकाम्लात विरघळवून त्यांपासून साखर केली, आणि १८३८ साली त्याचाच देशबांधव आन्सेल्म पायां ह्याने लाकडातील तंतुमय द्रव्य वेगळे काढून सेल्युलोजची ओळख शास्त्राला करून दिली. प्रयोगशाळेतून ही विद्या कारखान्यात यावयास मात्र बराच काळ लागला. १९१० च्या सुमारास अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातील जॉर्जटाउन येथे लाकूडगिरण्यांच्या भुशापासून मद्यार्क करणारा कारखाना चालू झाला; परंतु पहिल्या महायुद्धानंतर आसपासची लाकूडतोड घटली, भुसा मिळेनासा झाला, उसाच्या मळीपासून होणारा मद्यार्क स्वस्त पडू लागला, आणि कारखाना बंद पडला. पुढे जर्मनीत हाइनरिश शोलर ह्याने विरल गंधकाम्लाची, तर १९३१ च्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी फ्रीडरिश बेर्गिउस ह्याने तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाची रीत बसवली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेलाच्या टंचाईने गांजलेल्या त्या राष्ट्राने लाकडापासून साखर आणि मद्यार्क काढले. सोव्हिएत संघाने तर असे कितीतरी कारखाने उभारून ते दीर्घकाळ चालवले. ह्या सर्वांचा इतिहास पाहिला म्हणजे एक सूत्र दिसून येते: तेलाची वाट अडली म्हणजे माणूस लाकडाकडे वळतो, आणि वाट मोकळी झाली म्हणजे लाकडाला विसरतो. आम्लाच्या रीतीतही दोष होते. आम्ल साखर मोकळी करते खरे, पण मोकळी झालेली साखर पुन्हा जाळूनही टाकते, लोखंडी भांडी खाते, आणि काम संपल्यावर त्याचे शमन करण्यासाठी चुना घालावा लागून गाळाचे ढीग साचतात.

आम्लाला पर्याय सापडला तो मात्र अगदी अनपेक्षित ठिकाणी. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातील सॉलोमन बेटांवर तळ ठोकून असलेल्या अमेरिकी सैन्याचे सुती तंबू त्या दमट हवेत भराभर कुजू लागले, आणि ते कशाने कुजतात ह्याचा तपास लष्करी प्रयोगशाळेत सुरू झाला तेव्हा एक हिरवट बुरशी हाती लागली. तंबूचे कापड म्हणजे कापूस, आणि कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. ते पचवण्यासाठी ही बुरशी स्वतःच्या अंगातून एक प्रकारची विकरे (एन्झाइमे) बाहेर सोडीत होती. एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स ह्या संशोधकांनी नेटिक येथील लष्करी प्रयोगशाळेत तिचा अनेक वर्षे अभ्यास केला, आणि पुढे रीस ह्यांच्या सन्मानार्थ तिचे नाव ट्रायकोडर्मा रीसी असे ठेवण्यात आले. ट्रायकोडर्मा हे नाव आपल्या शेतकऱ्याला अनोळखी नाही. बियाण्याला चोळण्यासाठी आणि शेणखतात मिसळण्यासाठी कृषिसेवा केंद्रातून तो जी भुकटी आणतो, ती ह्याच कुळातील दुसऱ्या जातींची असते. तंबूंचा नाश करणाऱ्या ह्या बुरशीच्या वंशजांकडून आज जगभर सेल्युलोज फोडणारी विकरे तयार करून घेतली जातात. आम्ल जे काम जाळून-पोळून करीत असे ते ही विकरे सुमारे ५० अंश सेल्सिअस इतक्या उष्णतेत, साखरेला धक्का न लावता करतात.

आजचा कारखाना कसा चालतो, ते आता क्रमाने पाहू. प्रथम काडी बारीक तोडून तिच्यातील माती-खडे काढले जातात. मग येते ती पूर्वप्रक्रिया, आणि हीच सर्व विद्येची गुरुकिल्ली होय. तोडलेली काडी थोड्याशा आम्लासह वा अल्कलीसह दाबाच्या भांड्यात कडक वाफेत ठेवतात, आणि पुष्कळदा तो दाब एकाएकी सोडून देतात. त्या धक्क्याने तंतू विस्कटतात, हेमिसेल्युलोज विरघळू लागते, लिग्निनाचे आवरण तडकते आणि विकरांना आत शिरावयास वाट मिळते. त्यानंतर विकरे सेल्युलोजचे ग्लुकोज करतात, आणि यीस्ट त्या ग्लुकोजचे किण्वन करून मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड निर्माण करते. १०० किलो ग्लुकोजापासून जास्तीत जास्त ५१ किलो मद्यार्क मिळू शकतो, कारण उरलेले ४९ किलो वायुरूपाने निघून जातात. हा निसर्गाचा ठरलेला हिशेब आहे आणि त्यात कोणाच्या कौशल्याने सूट मिळत नाही. हेमिसेल्युलोजातून निघणारी मुख्य साखर म्हणजे झायलोज, आणि दारूच्या भट्टीत पिढ्यानपिढ्या राबणाऱ्या यीस्टला ती साखर खाता येत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी शास्त्रज्ञांना सूक्ष्मजीवांच्या जनुकांतच फेरफार करावे लागले. फ्लोरिडा विद्यापीठातील लॉनी इनग्रॅम आणि त्यांचे सहकारी ह्यांनी असा एक जीवाणू घडवला, आणि त्यासाठी १९९१ साली मिळालेले पेटंट हे अमेरिकेच्या दप्तरातील ५० लाखावे पेटंट ठरले. किण्वनानंतर ऊर्ध्वपातन करून मद्यार्क वेगळा काढतात, आणि त्यातील उरलेसुरले पाणीही शोषून घेतले म्हणजे इंधनयोग्य इथेनॉल तयार होते. लिग्निन शेवटपर्यंत जसेच्या तसे राहते. कारखाना ते बॉयलरात जाळून आपली वाफ आणि वीज भागवतो.

एका कोरड्या टनामागे सुमारे २५० ते ३०० लिटर इथेनॉल निघाले म्हणजे काम उत्तम झाले असे समजतात. लिटरला लिटर तोलून पाहिले तर इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या ऊर्जेच्या दोन-तृतीयांश एवढीच असते, हेही विसरून चालणार नाही. तरीसुद्धा उसाच्या रसापासून वा मक्यापासून होणाऱ्या इथेनॉलपेक्षा ह्या इथेनॉलची योग्यता मोठी मानतात, कारण ते माणसाच्या ताटातले काही काढून घेत नाही. आपल्याकडे मद्यार्काचे इंधन नवे नाही. भारतीय पॉवर अल्कोहोल कायदा १९४८ साली झाला, पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ साली सुरू झाला, आणि २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०२५ साली गाठले गेले. पण ह्या मजलेचा जवळजवळ सारा भार ऊस, तांदूळ आणि मका ह्यांनी वाहिला आहे. २०२३ च्या डिसेंबरात, पावसाने दगा दिल्यामुळे साखरेची चिंता उत्पन्न झाली तेव्हा, केंद्र सरकारला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घालावे लागले होते. अन्नपिकावर उभारलेले इंधन एका दुष्काळात किती डळमळीत होते, ह्याचा हा अनुभव महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना ताजा आहे. काडीकचऱ्याच्या इथेनॉलकडे धोरणकर्त्यांचे लक्ष वळते ते ह्यासाठीच.

ह्या कामात मराठी मुलुखाचा वाटा अभिमान वाटावा असा आहे. मुंबईच्या माटुंग्यातील रसायन तंत्रज्ञान संस्थेत जैवऊर्जेचे संशोधनकेंद्र २००८ साली स्थापन झाले, आणि तेथे विकसित झालेल्या पद्धतीवर चालणारा, दररोज १० टन काडी घेऊ शकणारा प्रात्यक्षिक कारखाना २०१६ साली उत्तराखंडातील काशीपूर येथे उभा राहिला. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज ह्या कंपनीने २०१७ साली, पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील राहू येथे, वर्षाला १० लाख लिटर इथेनॉल देण्याच्या क्षमतेचा प्रात्यक्षिक कारखाना सुरू केला. त्याच तंत्राच्या आधारे इंडियन ऑइलने ९०० कोटींहून अधिक रुपये खर्चून हरियाणातील पानिपत येथे मोठा कारखाना बांधला, आणि १० ऑगस्ट २०२२ रोजी तो राष्ट्राला अर्पण करण्यात आला. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताचा पेंढा घेऊन ३ कोटी लिटर इथेनॉल देण्याची त्याची योजना आहे. म्हणजे शेतातून जशी येते तशा काडीच्या टनामागे १५० लिटर. खऱ्या अर्थाने काष्ठमय म्हणता येईल अशा द्रव्याचा मोठा प्रयोग मात्र आसामात झाला. नुमालीगड येथे तेलशुद्धीकरण कारखान्याने फिनलंडमधील कंपन्यांच्या सहकार्याने बांबूपासून इथेनॉल करणारा कारखाना उभारला, आणि २०२५ च्या सप्टेंबरात त्याचे उद्घाटन झाले. वर्षाला सुमारे ५ लाख टन हिरवा बांबू तेथे लागणार असून, इथेनॉलबरोबर फरफ्युरल आणि असिटिक आम्ल ही मोलाची रसायनेही मिळावयाची आहेत. जंगलाबाहेर उगवलेला बांबू कायद्याच्या दृष्टीने झाड नाही, अशी दुरुस्ती १९२७ च्या वनकायद्यात २०१७ साली झाली नसती, तर आपल्या शेतातला बांबू तोडून ह्या कारखान्याला घालणे शेतकऱ्याला इतके सुलभ झाले नसते.

इतके सर्व साध्य झाले असताना ही विद्या घरोघर का पोहोचली नाही, असा प्रश्न साहजिक उत्पन्न होतो, आणि त्याचे उत्तर जगाच्या अनुभवात आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील सोपरटन येथे पाइन लाकडाच्या अवशेषांपासून इंधन करण्यासाठी उभारलेला कारखाना २०११ साली बंद पडला. इटलीतील क्रेशेंतीनो येथे २०१३ साली गाजावाजाने चालू झालेला कारखाना २०१७ साली थांबला. ड्युपाँटसारख्या बलाढ्य कंपनीने आयोवा राज्यातील आपला कारखाना दोन वर्षांतच आवरला. आणि रुमानियातील पोदारी येथे २०२२ साली सुरू झालेला कारखाना पुढच्याच वर्षअखेरीस बंद करावा लागला. प्रत्येकाची कहाणी वेगळी असली तरी दुखणे बरेचसे समान आहे. रसायनशास्त्र सहसा दगा देत नाही. दगा देतात ते काडीतले खडे, वाळू आणि ओल. पोकळ, हलकी, तंतुमय काडी यंत्राच्या तोंडाशी अडकते, तिच्यातील माती लोखंड झिजवते, पावसात भिजलेला गंजीचा ढीग कुजतो, उन्हात सुकलेला पेट घेतो. पूर्वप्रक्रियेत निपजणारे फरफ्युरल आणि असिटिक आम्ल यीस्टला मारक ठरतात. विकरांचा खर्च निघता निघत नाही. आणि सर्वांत मोठा खर्च म्हणजे गोळा करण्याचा: हंगाम दोन महिन्यांचा, कारखाना बारा महिन्यांचा, आणि माल मात्र हजारो शेतांत मूठ-मूठ विखुरलेला. हेक्टरी २ टन पऱ्हाटी धरली तर पानिपतएवढ्या कारखान्यासाठी १ लाख हेक्टरांवरील कपाशीची शेवटची काडीसुद्धा वेचून आणावी लागेल. निम्मीच आणता आली तर क्षेत्र दुप्पट लागेल. ह्या गोष्टी मांडताना ह्या विद्येची निंदा करण्याचा हेतू नाही. तिचे खरे मोल जाणावयाचे तर तिची अडचणही जाणली पाहिजे, एवढेच.

आता त्या दुसऱ्या दावेदाराकडे, म्हणजे जमिनीकडे वळू. १९२४ साली, तुकोजीराव होळकर तिसरे ह्यांच्या कारकीर्दीत, इंदूर दरबारने दिलेल्या सुमारे ३०० एकर काळ्या जमिनीवर वनस्पतिसंशोधनाची एक संस्था स्थापन झाली. इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री असे तिचे नाव होते. इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी आणि मध्य भारतातील संस्थानिक ह्यांच्या आश्रयाने चालणाऱ्या ह्या संस्थेचे संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड. त्याच वर्षी त्याच कमिटीने मुंबईच्या माटुंग्यात कापसाच्या तंतूंचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा उघडली होती; म्हणजे मुंबईत रुईचा विचार होऊ लागला आणि इंदुरात कपाशीच्या झाडाचा व जमिनीचा. हॉवर्ड ह्यांच्या ध्यानात आले ते असे, की काळ्या जमिनीला कमतरता आहे ती सेंद्रिय द्रव्याची, आणि ते द्रव्य बाहेरून विकत आणण्याची गरज नाही, कारण शेतातील पऱ्हाटी, तुराट्या, गवत आणि पालापाचोळा ह्यांत ते मुबलक आहे. अडचण एवढीच होती की पऱ्हाटी कुजत नाही. ह्या कामी त्यांना साथ लाभली ती संस्थेच्या रसायनशाखेतील यशवंत वाड ह्यांची, आणि दोघांनी मिळून सिद्ध केलेली रीत १९३१ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या द्वारे जगाला माहीत झाली. शेतीच्या अवशेषांचे ह्यूमस कसे करावे, हा त्या ग्रंथाचा विषय. आणि त्या रीतीला जगाने नाव दिले ते इंदूर पद्धत.

ह्या पद्धतीत पऱ्हाटीवर प्रथम जी क्रिया करीत, तिच्याकडे आजच्या इथेनॉलच्या अभ्यासकाने मुद्दाम लक्ष द्यावे. वाळलेल्या काड्या शेतातील गाडीवाटांवर पसरल्या जात. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलांच्या खुरांखाली आणि गाड्यांच्या चाकांखाली त्या दिवसेंदिवस चिरडल्या जाऊन त्यांचे तंतू मोकळे होत. मग त्या गोठ्यात जनावरांखाली अंथरल्या जात आणि मूत्राने भिजत. पानिपतला कडक वाफ जे काम काही मिनिटांत करते, तेच काम इंदुरात बैलगाडी आणि गोमूत्र एका पैशाचे इंधन न जाळता सावकाश करीत होते. पुढे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ फूट खोल खड्ड्यांत हा चिरडलेला माल, गोठ्यातली मूत्रमिश्रित माती, लाकडाची राख आणि शेणकाला ह्यांसह थराथराने भरीत, पाणी शिंपडीत, आणि तीन वेळा खालीवर करीत. तीन महिन्यांत त्याचे काळे, भुसभुशीत, दुर्गंधरहित खत होई. राखेचे प्रयोजन आम्लता आवरण्याचे, आणि मूत्राचे प्रयोजन नायट्रोजन पुरवण्याचे. प्रारंभी कार्बनच्या ३३ भागांस नायट्रोजनचा १ भाग असे प्रमाण राखले तर शेवटी ते १० ला १ ह्या, जमिनीला मानवणाऱ्या, प्रमाणावर येते, हे ह्या दोघांनी रसायनशास्त्राच्या काट्याने तोलून दाखवले. खड्ड्यात पहिल्या आठवड्यांत बुरशा राबत आणि मागाहून जीवाणू. म्हणजे ज्यांची विकरे आज कारखान्यात विकत आणावी लागतात, त्यांच्याच जातभाईंना इंदूरच्या खड्ड्यात फुकट कामाला लावले होते. १९३५ साली इंदूरला आलेल्या गांधीजींनी ही पद्धत येथे प्रत्यक्ष पाहिली. त्याच्या एक वर्ष आधी जॅक्सन नावाच्या सहलेखकाबरोबर वाड ह्यांनी शहरातील वस्तीचा कचरा ह्याच पद्धतीने कसा निकालात काढावा, ह्यावरील आपला लेख प्रसिद्ध केला होता. संस्थेच्या जागी आज इंदूरचे कृषी महाविद्यालय उभे आहे.

ह्या दोन विद्या शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे दोन्ही दाव्यांचा न्याय करण्याचे साधन हाती येते. काडी शेतातून उचलली की तिच्याबरोबर पालाश, थोडा नायट्रोजन, थोडा स्फुरद आणि बराचसा कार्बन शेताबाहेर जातो. इथेनॉल स्वतः केवळ कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ह्यांचेच बनलेले असल्याने त्यातून जमिनीचे एकही खनिज मोटारीत जळत नाही. ती सारी खनिजे कारखान्याच्या राखेत आणि गाळात उरतात. तेव्हा ती राख आणि तो गाळ पुन्हा त्याच शेतांकडे पोहोचवण्याची तजवीज हा कारखान्याच्या सनदेतच नमूद असलेला भाग असावयास हवा. तो मेहेरबानीचा विषय राहता कामा नये. सेंद्रिय कार्बनाचे मात्र तसे नाही. तो गेला तो गेलाच, आणि म्हणून काडीचा ठरावीक हिस्सा शेतातच राहिला पाहिजे. काळ्या जमिनीत पाणी धरून ठेवण्याची आणि भेगाळण्यापासून वाचण्याची जी शक्ती असते, ती काही अंशी ह्या सेंद्रिय द्रव्यावरही अवलंबून आहे.

ह्याच न्यायाने कोणती काडी कोणाची, तेही ठरवता येते. सोयाबीनचे कुटार आणि ज्वारीचा कडबा हा गुरांचा घास आहे. त्याला कारखान्याने हात लावू नये. गव्हाच्या कापणीनंतर उरणारे, ज्याला माळव्यात नरवाई म्हणतात ते काड, जाळण्याऐवजी जमिनीतच गाडता येते आणि तेथेच ते अधिक उपयोगी आहे. पऱ्हाटीची गोष्ट निराळी. गुलाबी बोंडअळीचा वंश तिच्यात टिकून राहतो म्हणून ती हंगामानंतर शेतातून काढावी असा सल्ला कृषिखाते दरवर्षी देतेच; ती गुरे खात नाहीत आणि लवकर कुजतही नाही. कारखान्याचा दावा कोणत्या काडीवर सर्वांत न्याय्य असेल, तर तो हिच्यावर. निमाडातील शेतकऱ्याला तिचा रोख मोबदला मिळाला, ती उपटण्याची आणि बांधण्याची मजुरी निघाली, आणि बदल्यात कारखान्याकडून राख वा खत परत आले, तर तो सौदा उभयपक्षी किफायतीचा होईल. जंगल मात्र ह्या हिशेबात धरता येणार नाही. मध्य प्रदेशात सुमारे ७७,००० चौरस किलोमीटर वनाच्छादन आहे, आणि लाकडापासून इंधन होते हे कळल्यावर त्याकडे लोभाने पाहणारे पुष्कळ निघतील. परंतु जॉर्जटाउनच्या कारखान्याने शिकवलेला धडा असा, की लाकूडतोडीवर विसंबलेला कारखाना लाकूडतोडीबरोबरच संपतो.

शहरातल्या लाकडाचाही विचार येथेच केला पाहिजे, कारण इंदूरने त्या बाबतीत स्वतःची वाट चोखाळली आहे. देवगुराडिया येथे २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झालेला बायो-सीएनजी प्रकल्प दररोज ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा आहे, आणि त्याच्या गॅसवर शहरातील बसगाड्या धावतात. पण मिथेन निर्माण करणारे जीवाणू लिग्निनापुढे हतबल असल्याने झाडांच्या फांद्या त्या प्रकल्पाच्या कामाच्या नाहीत. शहरात असा हरित कचरा दररोज सुमारे ३० टन निघतो आणि पानगळीच्या दिवसांत तो ६० ते ७० टनांवर जातो. त्याचा भुसा करून दाबलेल्या गोळ्या बनवण्याचा आणि त्या कोळशाऐवजी जाळण्याचा प्रकल्प महापालिकेने खासगी भागीदारीत बिचोली हप्सी येथे हाती घेतला. ह्याच फांद्यांचे इथेनॉल का करू नये? हिशेब सोपा आहे: ३० टनांतील निम्मी ओल वजा केली तर १५ टन कोरडा माल उरतो, आणि त्यातून दिवसाला साडेतीन हजार लिटरांच्या आसपास इथेनॉल निघेल, तर पानिपतचा कारखाना दिवसाला १ लाख लिटरांच्या हिशेबाने बांधलेला आहे. एवढ्याशा मालावर पूर्वप्रक्रियेची, विकरांची आणि ऊर्ध्वपातनाची महागडी यंत्रे परवडणार नाहीत. तेव्हा शहराच्या फांद्यांचा भुसा व्हावा, ओल्या कचऱ्याचा गॅस व्हावा आणि निमाडच्या पऱ्हाटीचे इथेनॉल व्हावे, अशी ज्याच्या-त्याच्या गुणाप्रमाणे वाटणी हीच शहाणपणाची.

विज्ञानाने लाकडातील साखरेचे कुलूप उघडले आहे, ह्यात शंका नाही, आणि मराठी तंत्रज्ञांचा त्यात हात आहे ही समाधानाची गोष्ट आहे. २०१९ साली केंद्र सरकारने अशा कारखान्यांसाठी प्रधानमंत्री जी-वन योजना आखून १,९६९ कोटी ५० लाख रुपयांची तरतूद केली. ह्यापुढे जेव्हा अशा एखाद्या कारखान्याला सरकारी साहाय्य मंजूर होईल, तेव्हा मंजुरीच्या कागदावर किती लिटर इथेनॉल निघेल ह्या आकड्याशेजारी आणखी दोन आकडे लिहिलेले असावेत: शेतात दर हेक्टरी किती काडी राहू दिली जाईल, आणि कारखान्याची राख व गाळ किती प्रमाणात शेतकऱ्याला परत मिळेल. जिल्ह्याजिल्ह्यातील कृषी महाविद्यालयांनी मातीतील सेंद्रिय कार्बन दरवर्षी मोजून हे आकडे तपासावेत, आणि ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. हॉवर्ड आणि वाड ह्यांनी खड्ड्यातला कार्बन आणि नायट्रोजन ज्या काटेकोरपणे तोलला, त्याच काटेकोरपणाने हा हिशेब ठेवणे कठीण नाही. तो ठेवला गेला तर काडीतून निघालेले इंधन देशाच्या खऱ्या मिळकतीत जमा होईल; न ठेवला तर ते जमिनीच्या भांडवलातून काढलेले कर्ज ठरेल, आणि त्याची फेड पुढच्या पिढीच्या शेतकऱ्याला करावी लागेल.